माया, दुपारी दोन चाळीस

माझ्या मनवहीचं म्हणणं असं, की रुंजी झाल्यापासून मला सगळ्यात जास्त माया दाटून आली ती शुभंकर थोरवतबद्दल. शुभंकर आमच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत माझ्यानंतर दोन वर्षांनी लागला. नव्या यंत्राच्या प्रशिक्षणासाठी परदेशी जायला त्याचं नाव लागलं, माझं नाही. ते पत्र फलकावर डकवलं त्या दिवशी दुपारी दोन चाळीसला वहीने नोंद केली: माया. दहापैकी नऊ.

मी ते वाचलं आणि दुधाच्या बाटल्यांच्या रांगेसमोर एकटीच हसत सुटले. मग हसू थांबलं. कारण त्याच शब्दाखाली, त्याच गुलाबी रंगात, माझ्या मुलीच्या पहिल्या चाळीस दिवसांतल्या त्रेसष्ट नोंदी होत्या, आणि एक-दोन सोडल्या तर प्रत्येक वेळी रुंजी माझ्या जाऊबाईंकडे होती.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं, कऱ्हाडला. सासूबाई नाहीत. सगळं केलं ते जाऊबाईंनी. अश्लेषाताई, माझ्या मोठ्या दिरांची बायको. लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल नाही. शिवणाचे क्लास दोन महिने बंद ठेवून त्यांनी माझ्या खोलीत सतरंजी टाकली. शेक, शेगडी, धुरी, अळिवाची खीर, पाठीला तेल. माझ्या कानात कापूस, डोक्याला रुमाल. आणि मोबाईल त्यांच्याकडे.

"ओली बाळंतीण आहेस. सव्वा महिना स्क्रीनकडे बघायचं नाही, डोळे जातात," त्या म्हणाल्या.

मनवही मात्र मोबाईलवरच चालते. आता प्रत्येक बाळंतिणीला घरी सोडताना कागदांबरोबर एक अंगठी देतात. बाळंतपणानंतर मन खचू लागलं तर ते बाईच्या आधी अंगठीच्या लक्षात यावं, म्हणून. आमच्या भागातल्या आरोग्यसेविका मुलाणी मॅडम यांनी ती माझ्या बोटात घातली आणि नीट समजावून सांगितलं.

अंगठी तीन गोष्टी मोजते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती मागेपुढे होतं, बोटाची त्वचा किती ओलसर झाली, आणि बोटाचं टोक किती गार पडलं. चौथी गोष्ट फोन ऐकतो. शब्द नव्हे, आवाजातला कंप. पण एवढ्यावरून भावना कळत नाही. घरात चोर शिरला तरी छाती धडधडते आणि लग्न ठरलं तरी धडधडते. शरीराकडे खुणा मोजक्या, मनाकडे नावं पुष्कळ. जुनी यंत्रं इथेच फसायची. हजारो अनोळखी माणसांची सरासरी काढून 'तुम्ही दुःखी आहात' असं सांगून मोकळी व्हायची. नव्या वहीने सरासरीचा नाद सोडला. पहिले चाळीस दिवस ती स्वतः काहीच ठरवत नाही, नुसती विचारते. खूण शरीराने द्यायची, नाव तुम्ही द्यायचं. चाळीस दिवसांनी तिच्याकडे तुमचा एकटीचा शब्दकोश तयार होतो, आणि पुढे ती न विचारता लिहू लागते.

"आणि एक आधार व्यक्ती लागते," मुलाणी मॅडम म्हणाल्या. "तिलाही हे सगळं दिसतं. नवऱ्याचं नाव देऊ?"

हर्षद, माझा नवरा, तेव्हा उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या दुरुस्तीसाठी रोज तालुकाभर हिंडत होता. फोन ताईंच्या हातात होता. मी ताईंचं नाव दिलं.

पाचव्या दिवशीची गोष्ट. ताई न्हाणीघरात पाटावर बसल्या होत्या, पाय लांब करून, आणि पोटऱ्यांवर रुंजी पालथी. माझ्या हातात किंचाळणारी पोर तिथे अशी सैल पडली होती की बोटांच्या मुठीसुद्धा सुटल्या होत्या. ताई तिच्या पाठीवरून तेलाचा हात फिरवत होत्या, मानेपासून टाचेपर्यंत, एका ओढीत. मी दारात, भिंतीला धरून. टाके ओढत होते. माझ्या पोटातून आलेल्या त्या टाचा मी अजून धड मुठीत घेतल्या नव्हत्या.

अंगठी थरथरली. खिडकीत ठेवलेला फोन गोड आवाजात म्हणाला, "आत्ता जे वाटतंय, त्याला तुमचा शब्द द्या."

"सांग गं, विचारतेय ती," ताई मान वर न करता म्हणाल्या.

जे वाटत होतं त्याला नाव होतं. पहाटे तीनदा उठून माझी पाठ शेकणाऱ्या बाईच्या तोंडावर ते कसं म्हणणार?

"माया," मी म्हणाले.

"ऐकलंस का गं बबडे? तुझी आई किती गोड बोलते!" ताई रुंजीच्या कानाशी म्हणाल्या.

आणि दुसरी गोष्ट बाराव्या दिवसाची. रुंजी पीत होती. पिता पिता थांबली, डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा प्यायला लागली. बस, एवढंच. माझ्या अंगातून काहीतरी सरसरत पायांपर्यंत गेलं. अंगठी थरथरली. मी तोंड उघडलं आणि ताईंनी पटकन माझ्या दंडावर हात ठेवला.

"शूऽऽ! आईनेच बोलून दाखवू नये, पोराला दृष्ट लागते. दमले म्हण."

"दमले," मी म्हणाले. ताईंनी लगेच रुंजीच्या तळपायाला काजळाची तीट लावली.

असे चाळीस दिवस. त्यांनी रुंजीला घेतलं की माया. मी घेतलं की दमले. लाज आणि दृष्ट, दोघींनी मिळून माझा कोश लिहिला.

मला हे कळायला हवं होतं, कारण माझा धंदाच तो. डेअरीतल्या दूध तपासायच्या यंत्राला फॅट म्हणजे काय ते ठाऊक नसतं. आम्ही आधी एका दुधाचं फॅट आम्ल घालून, नळी फिरवून, जुन्या पद्धतीने काढतो. मग तेच दूध यंत्राला देऊन सांगतो, हे साडेतीन. त्या नमुन्यावरून ते पुढची सगळी दुधं वाचतं. नमुना चुकीचा दिला तर यंत्र बिघडत नाही. ते अगदी नेमाने, दर वेळी सारखंच चुकत राहतं. सहा वर्षं मी हे नव्या पोरांना शिकवत आले आहे.

पण ते दुधाबद्दल. स्वतःबद्दल कोण असा विचार करतं?

रुंजी सहा महिन्यांची झाली, माझी रजा संपली, आणि मुलाणी मॅडम अहवाल घेऊन घरी आल्या. चहा घेतला. टॅबलेट माझ्यापुढे धरला तो फार हळुवारपणे.

"प्रांजल, यात तुझा काही दोष नाही हं. पुष्कळ जणींचं होतं," त्या म्हणाल्या. "हे बघ. बाळ तुझ्याजवळ असलं की थकवा. पाजताना, झोपवताना, खेळवतानाही. आणि बाळ जाऊबाईंकडे असलं की तुझ्या मनात एकदम माया येते. म्हणजे तुला विसावा मिळतो. तर बाळाला थोडं जास्त त्यांच्याकडे राहू दे. तुझं मन सावरेल."

हर्षद माझा हात धरून बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी. "मला सांगायचंस तरी," तो म्हणाला.

मी काय सांगणार होते? आलेखावर माझंच नाव होतं, माझेच शब्द. माझ्याच आवाजात 'दमले' ऐकवलं त्यांनी. मला वाटलं, असेल बाई. पोर दुसरीकडे गेली की आपल्या पोटात जो पीळ पडतो, त्यालाच माया म्हणत असतील. मीच काहीतरी वाईट घडणीची आई असेन, मलाच ओळखता येत नसेल.

त्याच संध्याकाळी हर्षदने पाळणा सोडून ताईंच्या खोलीत टांगला. कडी बसवताना शीळ घालत होता. बायकोसाठी काहीतरी केल्याच्या आनंदात.

"फक्त पाजायला आणा म्हणजे झालं," तो ताईंना म्हणाला. "वहिनी, तुम्ही नसता तर काय झालं असतं?"

"काही नाही हो," ताई म्हणाल्या, पण कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या होत्या.

मग मी पाहुणी झाले. ताई रुंजीला घेऊन यायच्या, "घे बाई, तुझी तुला," म्हणायच्या. रुंजी प्यायची, आणि पिऊन झालं की मान वळवून दाराकडे बघायची. मी तिला खांद्यावर टाकलं की पाठ कमानीसारखी ताणायची. पहिला दात ताईंच्या बोटाला लागला. पहिल्यांदा बसली ती ताईंच्या उशांच्या वेढ्यात. मी डेअरीत अंगावरचं दूध पिळून बाटलीत भरत होते तेव्हा फोनवर फोटो आला, खाली ताईंनी लिहिलं होतं, 'बसली आमची राणी!' आमची. त्या एका शब्दावर मी संध्याकाळपर्यंत जळत राहिले. घरी गेले तर ताईंनी माझ्यासाठी गरम भाकरी झाकून ठेवलेली. ती भाकरीही मला गोड लागू दिली नाही मी.

ताईंच्या लुगड्याचा वास रुंजीच्या टाळूला यायला लागला होता. मी तिला न्हाऊ घातलं तरी जाईना. बहुधा तो तिथे नव्हताच.

आणि मग शुभंकरचं पत्र आलं.

त्या दुपारी मी वहीच्या 'दुरुस्ती' या पानावर गेले. सोपं असतं ते. जुनी नोंद निवडायची, शब्द बदलायचा. वही पुढचा सगळा हिशेब आपोआप सुधारते. मी पहिली नोंद निवडली, पाचवा दिवस, सकाळी नऊ दहा. खाली बारीक अक्षरात सूचना आली: 'बदललेला प्रत्येक शब्द आधार व्यक्तीला, मूळ आवाजासह, कळवला जाईल.'

म्हणजे ताईंचा फोन वाजणार. त्रेसष्ट वेळा. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, त्या काय करत होत्या, आणि मी खरंतर काय म्हणायला हवं होतं. मी फोन पालथा घातला आणि दुधाच्या बाटल्यांकडे वळले. मनात म्हटलं, बघू पुढे. मोठी होईल रुंजी, आपोआप येईल आपल्याकडे.

घरी पोचले तर सगळे पुढच्या खोलीत. दादा, म्हणजे माझे दीर, सबस्टेशनवरून लवकर आलेले. ताईंच्या हातात फोन, मांडीवर रुंजी.

दादा आणि ताईंनी चार वर्षांपूर्वी दत्तक मुलासाठी अर्ज केला होता. घरात आता कुणी त्याचं नावही काढत नव्हतं. आज निरोप आला होता. अमरावतीच्या एका शिशुगृहातली मुलगी, अडीच वर्षांची, नाव बकुळा. बुधवारी दुपारी बारापर्यंत होकार कळवायचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या घराला विचारणार. आज सोमवार होता.

"कळवून टाका, नको म्हणून," ताई दादांना म्हणाल्या.

"अश्लेषा, चार वर्षं वाट पाहिली आपण," दादा म्हणाले. एरवी ते घरात हवापाण्याशिवाय बोलत नाहीत.

"तेव्हाचं वेगळं होतं. आता घरात एक आहे ना? हिला झेपत नाही, कागदच सांगतोय. दोन पोरींना मी एकटी कशी पुरणार? कुणावर तरी अन्याय होणारच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेने. "आणि ही माझ्यावर एवढा जीव टाकते. तिला अर्ध्यावर सोडू का?"

बोलत होत्या नकाराचं, पण अंगठा पडद्यावरून हलत नव्हता. मी वाकून पाहिलं. बारीक कापलेले केस, गालावर कांजिण्यांचा एक वण, फोटो काढणाऱ्याकडे रागाने बघणारे डोळे. ताई त्या फोटोकडे इतका वेळ बघत राहिल्या की रुंजीने त्यांची बांगडी ओढली तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

माझी अंगठी थरथरली. मी चोरून पाहिलं. माया, सहा.

म्हणजे आता मी त्या फोटोतल्या पोरीवरही जळत होते. माझ्या मुलीवरून ताईंचं लक्ष उडालं म्हणून! मलाच माझी शिसारी आली. ताई जाव्यात असंही मला वाटत होतं आणि त्यांनी दुसरीकडे बघू नये असंही.

मंगळवारचा दिवस मी नमुने तपासण्यात घालवला, आणि एकही आकडा लक्षात राहिला नाही. गप्प बसले तर ती मुलगी दुसऱ्या घरी जाणार. ताई आयुष्यभर माझ्या खोट्याची राखण करणार. आणि सांगितलं तर? सांगितलं तर पाळणा माझ्या खोलीत येणार. हेच मला सतावत होतं, की खरं बोलण्यात माझा एवढा फायदा होता. फायद्यासाठी बोललेलं खरं ते कसलं खरं? पण मग वाटलं, माझं मन निर्मळ होण्याची वाट अमरावतीतल्या पोरीने का बघायची? मन निर्मळ व्हायला काही बुधवारची मुदत नव्हती.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली. घरी आले तेव्हा साडेदहा वाजले होते. रुंजी पाळण्यात झोपलेली. ताई सूप घेऊन पावट्याच्या शेंगा सोलत होत्या, चष्मा नाकावर, फोन मांडीशी.

"लवकर आलीस? बरं नाही का?"

"बरी आहे," म्हणत मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि वही उघडली. तोंडाने सुरुवात करायचा धीर झाला नाही. मी पहिला शब्द बदलला.

त्यांचा फोन वाजला. त्यांनी हात पुसून वाचलं. "पाचवा दिवस, सकाळी नऊ दहा. माया. बदललेला शब्द, जळते." चष्मा वर केला. "काय जळतंय? तुझी वही बिघडली वाटतं."

"वही नाही बिघडली, ताई. मी बदलतेय. जळत होते ती मी."

दुसरा. तिसरा. फोन वाजत राहिला. माझा सहा महिन्यांपूर्वीचा आवाज खोलीत 'माया, माया' म्हणत होता, कापसाच्या बोळ्यांतून आल्यासारखा, आणि त्यामागोमाग ते यंत्र गोड स्वरात, 'जळते.'

ताई आधी हसल्या. मग शेंग तशीच हातात राहिली.

"आठवा दिवस? आठव्या दिवशी तर तुला ताप होता. मी कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते."

"हो. रुंजीला एका हाताने थोपटत. ती तुमच्याकडे लगेच झोपली."

"मग मी काय करायला हवं होतं? रडू द्यायची?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही एवढं करत होतात, की तुमचा राग करायची मला सोयच नव्हती."

मी थांबले नाही; थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. 'दमले'ही बदलले. त्यांच्या फोनवर एकामागून एक येत गेले: बारावा दिवस, सुख. चौदावा दिवस, सुख. विसावा दिवस, सुख, सुख. ताई ते वाचत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून माझ्यासाठी केलेली सहा महिन्यांची झोपमोड, माझं झेपत नसणं, मी त्यांना दिलेलं महत्त्व, एकेक करून उतरत होतं.

"झालं?" शेवटी त्या म्हणाल्या.

"झालं."

"किती?"

"एकसष्ट."

"त्रेसष्ट होत्या. मी पाठ केल्या होत्या." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला.

"दोनदा खरंच माया होती. त्या नाही बदलल्या."

कुठल्या, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. एक एकोणिसाव्या दिवशीची. त्यांनी माझे केस विंचरले होते, गुंता सोडवताना मुळाशी धरून, मला ओढ बसू नये म्हणून. तसे माझे केस आईनंतर कुणी विंचरले नव्हते.

"आणि हे आजच का आठवलं?" त्या म्हणाल्या. "मी त्या पोरीला हो म्हणावं म्हणून?"

"हो."

"म्हणजे रुंजीला सोडावं म्हणून."

"तेही. दोन्ही खरं आहे, ताई."

त्यांनी सूप बाजूला सारलं. शेंगा सांडल्या, त्या गोळा केल्या नाहीत. फोन उचलून दादांना लावला आणि एकच वाक्य बोलल्या, "हो कळवा. आत्ताच्या आत्ता." मग खोलीत गेल्या, झोपलेल्या रुंजीला दुपट्यासकट उचलून आणलं, आणि माझ्या हातात दिलं. 'घे बाई' म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे बोलायच्या, पण रुंजीमार्फत. "रुंजे, तुझ्या आईला सांग, पाणी आलंय." "रुंजे, तुझ्या आईला म्हणावं, डबा विसरलाय." रुंजी दोघींकडे बघून बोळकं पसरायची. हर्षद एकदा म्हणाला, "वहिनी, ती सात महिन्यांची आहे, निरोप कसा देणार?" त्याच्याकडेही असं बघितलं की तो ड्रोनचा पंखा तपासायला उठून गेला.

पाळणा माझ्या खोलीत आला आणि पहिले आठ दिवस रुंजीने मला सोलून काढलं. ताईंचा आवाज भिंतीपलीकडून आला की हात पसरायची. मी गाऊन बघितलं, नाचून बघितलं, पायांवर घेऊन तेल लावलं तर निसटून तिची हनुवटी पाटावर आपटली. ताई दारापर्यंत आल्या, आणि वळून गेल्या. नवव्या दिवशी दुपारी रडून रडून ती माझ्या गळ्याच्या खळग्यात नाक खुपसून झोपली. तिच्या श्वासाने तिथे ओल धरली होती. माझा हात बधिर झाला तरी मी हलले नाही. ही झोप कुणी आणून दिलेली नव्हती.

तीन आठवड्यांनी दादा आणि ताई बकुळाला घेऊन आले. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोर फोटोतल्यापेक्षाही लहान होती. नवा फ्रॉक, काखेत ताईंच्या कच्च्या टाक्याचा दोरा तसाच. मूठ घट्ट मिटलेली. चौदा तासांच्या प्रवासात एक अक्षर बोलली नाही, दादा म्हणाले.

ताई खाली बसल्या. "ये," म्हणाल्या. बाहुली पुढे केली. स्वतः शिवलेली, त्याच फ्रॉकच्या कापडाचं झबलं घातलेली. बकुळाने बाहुलीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि चालत माझ्याकडे आली. माझ्या मांडीवर रुंजी होती. शिशुगृहात तान्ही बाळं असतील, तेवढीच ओळखीची खूण. तिने रुंजीच्या पोटावर हात ठेवला आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

"अरे वा! काकूची पार्टी!" हर्षद हसला.

मला आवडलं. खोटं कशाला सांगू? अडीच वर्षांचं ते गरम डोकं गुडघ्यावर आलं आणि क्षणभर असं वाटलं, की बघा, माझ्याकडेही येतात मुलं.

मग मी वर पाहिलं. ताई हसत होत्या. हसत हसत बाहुलीचं झबलं काढत होत्या, घडी घालत होत्या, उलगडून पुन्हा घालत होत्या. तो चेहरा मला आतून पाठ होता. बाहेरून आज पहिल्यांदा पाहत होते.

उचलून त्यांच्या मांडीवर ठेवावी, असं मनात आलं. पण दिलेलं मूल कसं लागतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी रुंजीला घेऊन उठले. "हिला जरा फिरवून आणते. हर्षद, तू आणि दादा गाडीतलं सामान काढा."

"सामान काय, एक पिशवी तर—"

"काढा म्हटलं ना."

दोघांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. आत बकुळा रडायला लागली. इतक्या लहान छातीत एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं. ती दारावर थापा मारत होती.

मी पायरीवर बसले. हर्षद पिशवी घेऊन उभा राहिला.

"अगं, तुझ्यासाठी रडतेय ती."

"माहीत आहे."

"मग जा की आत. दोन मिनिटांत गप्प होईल."

"म्हणूनच नाही जात."

दादा फाटकाशी पाठ करून उभे होते. आतून ताईंचं गाणं ऐकू आलं, मग टाळ्या, मग कसलातरी खुळखुळा, मग काहीच नाही. नुसतं रडणं. रुंजीनेही सूर धरला. माझे हात दाराकडे जात होते. एका हाताने मी दुसरा धरून ठेवला. शेजारच्या बाई गच्चीवरून वाकून बघून गेल्या. ऊन पायरीवरून खाली सरकलं.

रडणं थांबलं ते एकदम नाही. आधी घसा बसला, मग मधे मधे थांबून बघायला लागली कुणी ऐकतंय का, मग नुसते हुंदके. आणि हुंदक्यांच्या मधून ताईंचा आवाज खिडकीशी आला, दमलेला, रागीट, पदर सावरत बोलताना येतो तसा.

"प्रांजल! ती लहान वाटी कुठे ठेवलीस गं? हिला मऊ भात कालवायचाय."

"फळीवर," मी म्हणाले. "डाव्या हाताला."

पायरीवरूनच सांगितलं. आत गेले नाही.